कुरकुरीत गुड मॉर्निंग!

*पाकिटातला ग्रॅनोला दिसतो भारी, पण असतो गोड आणि महाग. त्याची सगळी टेक्निक सोलापूरच्या स्वयंपाकघराला आधीपासून येते. ओट्स तेवढे दुकानातून आणायचे!*

अलार्म तीनदा स्नूझ करून झालाय. मोबाइल चार्जिंगला लावायचा राहिला, इस्त्रीचा शर्ट सापडत नाहीये, आणि नाश्ता? आपल्यापैकी बऱ्याच जणांसाठी त्याचं उत्तर अर्धा कप चहा आणि त्यात बुडवलेली दोन बिस्किटं असं असतं. मग साडेअकराच्या सुमारास पोटात कावळे ओरडायला लागतात आणि पाय आपोआप ऑफिसखालच्या वड्याच्या गाडीकडे वळतात.

ज्यांना हेल्थचं थोडंफार टेन्शन आलेलं असतं, ते महिन्याच्या सुरुवातीला सुपरमार्केटमधून एक देखणं पाकीट आणतात. पाकिटावर पांढरंशुभ्र दही, दोन लालबुंद स्ट्रॉबेऱ्या आणि वर सोनेरी, कुरकुरीत असं काहीतरी भुरभुरलेलं. हाच तो ग्रॅनोला. दह्यावर टाका, दुधात टाका, फळांवर टाका, दोन मिनिटांत नाश्ता तयार. आयडिया झकास आहे, त्यात वादच नाही.

आता ते पाकीट उलटं करा. मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ती वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. पहिल्या नंबरवर ओट्स असतील, छान. पण पुढे साखर, मग मध, मग ग्लुकोज सिरप, मग माल्टचा अर्क असं दिसलं की थोडं थांबा. गोडी एकच आहे, तिला नावं चार दिलीत. प्रत्येक नाव वेगळं मोजलं की यादीत खाली सरकतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की साखर फार नाहीये. सगळेच ब्रँड असं करतात असं नाही, पण वाचून घ्यायला काय हरकत आहे? जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर, मध, सिरप वगैरेंमधून दिवसभराच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी कॅलरी मिळाव्यात, आणि 5 टक्क्यांच्या आत राहता आलं तर उत्तम. 2000 कॅलरींच्या आहारात 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम, जेमतेम सहा छोटे चमचे. आपले दोन-तीन चहा त्यातला बराचसा कोटा संपवतात. मग नाश्त्याच्या वाटीला किती उरली, हिशेब तुम्हीच करा.

म्हणून हा प्रकार घरी करायचा. आणि सोलापूरकरांसाठी खरी गंमत इथेच सुरू होते.

अमेरिकेतली कडक भाकरी

ग्रॅनोलाचा जन्म एका आरोग्यधामात झाला. न्यूयॉर्क राज्यात डॅन्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथे जेम्स कॅलेब जॅक्सन नावाचे डॉक्टर पाण्यानं उपचार करायचे. 1863 मध्ये त्यांनी पेशंटसाठी एक पदार्थ काढला. कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचे पातळ थर कडक भाजायचे, मोडायचे, पुन्हा भाजायचे आणि बारीक करायचे. नाव ठेवलं ग्रॅन्युला. ते इतकं टणक असायचं की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय दाताला लागायचं नाही. पुढे बॅटल क्रीकच्या जॉन हार्वे केलॉग यांनी तसाच पदार्थ त्याच नावानं काढला, त्यावरून वाद झाला आणि नाव थोडं बदलून ग्रॅनोला झालं. ओट्स, मध, तेल आणि बिया घातलेला आजचा ग्रॅनोला लोकप्रिय झाला तो नंतर, 1960-70 च्या हिप्पींच्या काळात.

आता सांगा, कडक भाजलेली, महिनोन्‌महिने टिकणारी आणि खाताना चुरून दुधात, दह्यात नाहीतर आमटीत भिजवायची वस्तू सोलापुरात कुणाला माहीत नाही? आपली कडक भाकरी! ज्वारीची नाहीतर बाजरीची, पापडासारखी पातळ थापलेली, भाजून खडखडीत वाळवलेली. दह्यात चुरा करायचा, वर शेंगाची चटणी घ्यायची. डॉक्टर जॅक्सन सोलापुरात जन्मले असते तर त्यांचा बराच वेळ वाचला असता.

ओट्सची गोष्ट तर आणखी मजेशीर. इंग्रजीचे कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या शब्दकोशात ओट्सची व्याख्या करताना स्कॉटिश लोकांना चिमटा काढला होता. इंग्लंडात हे धान्य घोडे खातात आणि स्कॉटलंडात माणसं, अशा अर्थाचा. आपल्याकडे आजही महाराष्ट्रातल्या शेतात ओट दिसलाच तर तो बहुतेक करून हिरवा चारा म्हणून. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं 'फुले हरिता' नावाचं ओटचं वाण काढलं, तेही चाऱ्यासाठीच. म्हणजे गावाकडची गाय ओट खाते आणि शहरातला तिचा मालक ज्वारीची भाकरी सोडून ओट्सचं पाकीट घेतो.

ओट्स वाईट असं मुळीच नाही. त्यातल्या बीटा-ग्लुकन नावाच्या विद्राव्य तंतूमुळे कोलेस्टेरॉल थोडं कमी व्हायला मदत होते. दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर तसा दावा पाकिटावर करायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 1997 मध्ये परवानगी दिली. पण 3 ग्रॅमसाठी साधारण 75 ग्रॅम ओट्स खावे लागतात. आपण दह्यावर घालणार दोन-तीन चमचे. तेव्हा 'हार्टसाठी खातोय' या भ्रमात राहू नका. टॉपिंग खायचं ते चवीसाठी, कुरकुरीतपणासाठी आणि बियांसाठी.

आणि बियांच्या बाबतीत आपला जिल्हा गडगंज आहे. चिया आणि क्विनोआ महाग पडत असतील तर सोडा. तीळ, जवस, कारळे, शेंगदाणे या चार डब्यांशिवाय इथलं घर चालतच नाही. मधल्या मारुतीच्या बाजूला एखाद्या जुन्या किराणा दुकानात जा आणि मागा. कन्नड बोलणाऱ्या घरात जवसाला अगसी म्हणतील, कारळ्याला गुरेळ्ळू, तेलुगू शेजारी जवसाला अविसे म्हणतील. शेंगा मात्र मराठीतही शेंगाच आणि इकडच्या कन्नडमध्येही शेंगाच! सुपरमार्केटमध्ये 'फ्लॅक्ससीड' असं लेबल लावून छोट्या बरणीत मिळतं ते हेच जवस, हे वेगळं सांगायला नको.

एकेक करून, मंद आचेवर

आता कामाला लागू. इंटरनेटवरच्या बहुतेक रेसिपी सांगतात की सगळं एकत्र करा आणि ओव्हनमध्ये टाका. इथेच चव बिघडते. तीळ दोन मिनिटांत होतात, शेंगदाण्याला दहा मिनिटं लागतात. एकत्र भाजले तर एक कच्चं आणि एक करपलेलं. चटणी करणाऱ्या आईला विचारा, ती प्रत्येक गोष्ट वेगळी भाजते. तोच नियम इथे.

पाव किलो रोल्ड ओट्स घ्या. इन्स्टंट नकोत, ते बारीक असतात, त्यांचा भुगा होतो. त्याला पाऊण वाटी शेंगदाणे (75 ग्रॅम धरा), तीळ आणि जवस प्रत्येकी 30 ग्रॅम, कारळे 15 ग्रॅम, भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया 45 ग्रॅम. गूळ 80 ग्रॅम, तेल किंवा पातळ केलेलं तूप अडीच-तीन मोठे चमचे, अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ विसरू नका, त्याशिवाय गोडी फिकी लागते आणि मग माणूस आणखी गूळ घालतो. वेलची किंवा सुंठ आवडीनं.

जाड बुडाची कढई, मंद आच. आधी शेंगदाणे भाजा, सालं काढा, अर्धे-अर्धे करा. मग जवस: तडतडायला लागले, फुगीर दिसायला लागले की उतरवा. तीळ रंग बदलायच्या आत उडायला लागतात, तेव्हाच काढायचे. सगळ्यात अवघड कारळे. ते काळेच असतात, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. नाक आणि कान उघडे ठेवा. खमंग वास आला आणि हलका तडतड आवाज सुरू झाला की लगेच ताटात. पंधरा सेकंद उशीर झाला तर कडू होतात आणि तो कडवटपणा सगळ्या डब्यात पसरतो.

जवसाचं एक गुपित. अख्खं जवस चावलं गेलं नाही तर पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. त्यातलं ओमेगा-3, ज्यासाठी एवढा खटाटोप, ते मिळतच नाही. म्हणून भाजलेलं निम्मं जवस खलबत्त्यात नुसतं ठेचून घ्या. पूड करून महिनाभर ठेवू नका, जवसाचं तेल हवा लागली की लवकर खवट होतं.

आता पाक. गूळ चिरून दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवा, कचरा असेल तर गाळा, तेल घाला आणि फेस येऊन थोडा दाट होईपर्यंतच शिजवा. चिक्कीचा पाक करायचा नाही! तो कडक झाला तर ओट्सना नीट लागत नाही, गोळे होतात आणि दात दुखतात. पाक दाट पण वाहता राहिला पाहिजे. गॅस बंद करून त्यात ओट्स आणि मीठ टाकून हातानं किंवा उलथन्यानं असं कालवा की प्रत्येक दाण्याला चकाकी येईल.

ओटीजी असेल तर 150 अंशांवर आधी गरम करून घ्या, ट्रेमध्ये मिश्रण पातळ पसरा आणि 25 ते 30 मिनिटं ठेवा. मध्ये एकदा हलवा. भाजलेल्या बिया शेवटच्या पाच मिनिटांत मिसळा, त्या आधीच भाजलेल्या आहेत. ओव्हन नसेल तर अजिबात अडत नाही. आधी ओट्स कोरडेच कढईत आठ-दहा मिनिटं भाजा, मग पाक घालून मंद आचेवर आणखी दहा मिनिटं परता. हात दुखेल, पण पाक आटून ओट्स मोकळे झाले की समजा काम झालं. मग बिया.

बाहेर काढल्यावर ओट्स मऊच लागतात. घाबरून पुन्हा आत ढकलू नका! कुरकुरीतपणा गार होताना येतो. भाजताना पाणी उडून जातं आणि उरलेला गूळ थंड होताना काचेसारखा कडक बनतो, चिक्कीत होतं तेच. मोठे गठ्ठे आवडत असतील तर गरम असतानाच उलथन्यानं थोडं दाबा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. मग मोडा.

बेदाणे शेवटी, गार झाल्यावर. भट्टीत गेले तर खडे होतात. मूठभर पुरेत, गोड आधीच आहे. आणि आता खास सोलापुरी भर: ज्वारीच्या लाह्या. नागपंचमीला आपण आणतो त्याच. भडभुंज्याकडून ताज्या आणा, कढईत मिनिटभर गरम करा आणि दोन वाट्या मिश्रणात मिसळा. वजनाला काहीच नाहीत, पण टॉपिंग एकदम हलकं होतं. शिवाय ज्वारीत ग्लुटेन नसतं. (गव्हाच्या ग्लुटेनचा खरोखर त्रास असणाऱ्यांनी ओट्स मात्र 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलेच घ्यावेत. कारखान्यात त्यात गहू मिसळला जाऊ शकतो.)

सगळं मिळून साधारण 600 ग्रॅम होतं. 30 ग्रॅमचं एक माप धरलं तर वीस नाश्ते. एका मापात सुमारे 4 ग्रॅम गूळ आणि 140-150 कॅलरी. हा आकडा मुद्दाम सांगतेय. ग्रॅनोला हा तेल, बिया आणि गुळाचा पदार्थ आहे, तो वाटीभर खाल्ला तर 500 कॅलरींच्या आसपास जातो आणि मग वजन का वाढतंय ते कळत नाही. खाली दही आणि फळं भरपूर, वर टॉपिंग तीन चमचे, असंच प्रमाण ठेवा. डाळिंबाचे दाणे टाकले तर रंगही खुलतो. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालंय, त्याच वर्षी मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही. म्हणजे तुमच्या वाटीत दोन-दोन सेलिब्रिटी!

गोड नको? मग तिखट!

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करायची ती ही व्हर्जन. सोलापुरात सकाळी सकाळी गोड दही कोण खातं? आपल्याकडे दही आलं की त्याच्या बाजूला शेंगाची चटणी येते. तर तीच चटणी दाणेदार करून ओट्सवर चढवायची.

सोलापुरी शेंगाची चटणी इतर गावांपेक्षा वेगळी का लागते? कारण ती कुटलेली असते. उखळात मार बसला की शेंगदाणा तेल सोडतो आणि चटणी ओलसर, एकमेकांना धरून राहते. मिक्सरमध्ये नुसता कोरडा कूट होतो, किंवा जास्त फिरवला तर थेट लगदा. इथे आपल्याला नेमका तो मधला टप्पा हवाय. 100 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे खलबत्त्यात जाडसर कुटा, त्यातले काही अख्खे राहू द्या. सुटलेलं तेल हाच इथला पाक, गूळ लागत नाही.

कढईत दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल, त्यात ठेचलेल्या दहा-बारा लसूण पाकळ्या मंद आचेवर सोनेरी, कुरकुरीत होऊ द्या आणि काढून ठेवा. त्याच तेलात छोटा चमचा जिरं आणि दीडशे ग्रॅम ओट्स, दहा मिनिटं परता. भाजलेले तीळ, जवस, कारळे वरच्याच प्रमाणात टाका. गॅस बंद. दोन मिनिटं थांबून मगच लाल तिखट दोन छोटे चमचे आणि मीठ घाला, कढई तापलेली असताना घातलं तर तिखट करपून काळं पडतं आणि ठसक्यानं अख्खं घर खोकतं. शेवटी कुटलेल्या शेंगा आणि लसूण. हातानं हलकं चोळून एकत्र करा.

हे दह्यावर घ्या, बाजूला कापलेली काकडी आणि कांदा. पोह्यांवर शेवेऐवजी घ्या, उकडलेल्या अंड्यावर घ्या, रात्रीच्या मुगाच्या खिचडीवरही. आणि जिमवाल्या मित्रांनो, शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे 25 ग्रॅम प्रोटीन असतं, दह्याबरोबर हा नाश्ता खरोखर पोटात टिकतो. साडेअकराच्या वड्याला हा गोड ग्रॅनोलापेक्षा जास्त चांगलं उत्तर देतो.

डबा पुण्याला जातो तेव्हा...

सोलापूरच्या अर्ध्याअधिक घरांतून कुणी ना कुणी पुण्यात नोकरीला असतं. सोमवारी पहाटे हुतात्मानं किंवा वंदे भारतनं निघताना बॅगेत आईनं भरलेले डबे असतात: चटणी, कडक भाकरी, चिवडा. त्यात हा एक डबा सहज मावतो. पीजीमध्ये गॅस नसला तरी चालतं, दह्याचा कप खाली दुकानात मिळतो.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. सोलापूरची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी. इथे झाकण जरा सैल राहिलं तरी चालून जातं. पुण्याचा जुलै आणि मुंबईचा कुठलाही महिना वेगळा. ओट्स आणि गूळ दोघंही हवेतलं पाणी ओढतात, दोन दिवसांत मिश्रण मऊ. म्हणून पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, कोमट भरलं तर झाकणाला आतून पाणी सुटतं. स्टीलचा घट्ट डबा किंवा काचेची बरणी, ओला चमचा नाही, आणि लाह्या वेगळ्या पिशवीत, खाताना मिसळायच्या. मोठ्या डब्यातून आठवड्यापुरतं छोट्या डब्यात काढून घेतलं तर बाकीचं सारखं उघडत नाही.

गोड प्रकार तीन आठवडे आरामात राहतो. तिखट प्रकारात कुटलेल्या शेंगा आहेत, तो पंधरा दिवसांत संपवा. वास घेऊन बघा, तेलकट, जुन्या रंगासारखा वास आला तर जवस खवट झालंय, टाकून द्या. नुसतंच मऊ पडलं असेल तर टाकू नका. कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता, ताटात पसरून गार करा. पीजीतल्या मंडळींनी शनिवारी घरी येताना डबा परत आणावा. धुवून ठेवला असेल तर रविवारी नवा भरून मिळण्याची शक्यता जास्त!